डांबऱ्याचा नंबर

नाही हो, बसा ताई, ही पिशवी माझीच आहे, सरकवते. आत ठकीची ओली झबली आहेत. मांडीवर झोपलीय म्हणून हळू बोलते, नाहीतर एव्हाना मैदानात पळाली असती बाबा-बाबा करत. हो, तिचे बाबाच ते — त्या तंबूमागे लपतात, कुत्रं शोधत आलं की पुतळ्यासारखे उभे राहतात, मग पळतात, मग उलटे फिरून ओरडत त्याच्याच अंगावर धावून जातात — ते. स्पर्धेतला खोटा चोर, तुम्ही लोक हेल्पर म्हणता. सासूबाई म्हणतात, लोकांची कुत्री माझ्या लेकाला चावतात आणि हा वर त्यांच्या पाठी थोपटतो. थोपटतात हो, खरंच. डाव्या हातावरची ती जाड गादीसारखी बाही, कुत्र्यानं धरलेली, शेवटी काढून त्यालाच देऊन टाकतात, घे बाबा, तू जिंकलास.

तुमचा तो काळा ना, गाडीत बसलेला? डांबऱ्या? मघाशी हाक मारलीत ती ऐकली. देखणा आहे. छाती केवढी — आणि बघतो कसा, शहाण्या माणसासारखा. शेवटचा नंबर त्याचाच, माहितीय मला. म्हणजे, फळ्यावर वाचलं. म्हणून तुमच्या गाडीजवळ येऊन बसले असं नाही हं. सावली होती म्हणून.

फार जोरात येतो का तो? सहज विचारते. येतच असणार. हे म्हणतात, जोरात येणारं कुत्रं बरं, कुचराई करणारं नको. आणि कुत्रं हवेत असताना सगळं काम माणसाचं असतं — ते आता तुम्हाला काय सांगायचं, तुमचा जन्म यात गेला असेल. बाहीवर झेलायचं, त्याच्याच जोराबरोबर गर्रकन वळायचं आणि अलगद खाली उतरवायचं, बाळाला पाळण्यात ठेवतात तसं. आमच्याकडे रोज तालीम असते. मी दारातून उशी फेकते, हे झेलून वळतात. उशी म्हणजे साधी नाही, आत जुनी चादर कोंबलीय, चांगली जड केलीय. ठकी पलंगावर बसून भुंकते. शेजारीण एकदा डोकावली आणि आल्या पावली परत गेली. तेव्हापासून वाटीभर साखर मागायलासुद्धा येत नाही.

हसा, हसा. मीही हसायचे.

या आठवड्यात उशी फेकली तर हे वळलेच नाहीत. खांबासारखे उभे. धप्प करून आवाज झाला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, पाय सरकला. पाय कुठला सरकतोय — पाय जागचा हललासुद्धा नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, ठकीला उजव्याच हातानं उचलतात. ही पोर डाव्या बाजूलाच झोपते, तिथे कानाला बाबाचा ठोका लागतो म्हणून, आणि हे तिला उजवीकडे घेतात नि ती रडते. तरी उजवीकडेच. शर्ट घालताना आधी डावा हात घालतात, तोंड भिंतीकडे करून. मला काय दिसत नाही? खांदा गेलाय त्यांचा. दाखवा म्हटलं डॉक्टरला, तर म्हणाले, आजची स्पर्धा होऊ दे. ते टेबलामागे टोपीवाले परीक्षक बसलेत ना, मोठ्या स्पर्धेला कुठला हेल्पर न्यायचा ते आज ठरवणार आहेत. इतकी वर्षं चिखलात लोळले त्यासाठी. मी म्हटलं, मग निदान शेवटच्याला जरा बेतानं घ्या, तोवर हात भरून आलेला असेल. तर असं बघितलं माझ्याकडे — लग्नानंतर कधी तसं बघितलं नव्हतं. म्हणाले, पहिल्या कुत्र्याला जो माणूस मिळाला तोच शेवटच्याला मिळाला पाहिजे, नाहीतर मी कशाला उभा राहू.

म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुम्ही काही — म्हणजे डांबऱ्याला जरा लांबून न सोडता — नाही ना चालत? नाहीच चालत. मला माहीत होतं. मेलं मी तरी काय विचारते.

माझा जीव ह्यांच्यासाठी तुटतो असं वाटेल तुम्हाला. तुटतोच. पण मघाशी ते तांबडं कुत्रं आलं ना, दोन नंबर आधीचं — सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांचा खांदा बघत होते. पुरते वळले नाहीत. तेवढंसं कुत्रं, तरी त्याची मान अशी मागे गेली, आणि खाली उतरल्यावर त्यानं डोकं झटकलं. ते हलकं होतं म्हणून निभावलं. डांबऱ्या त्याच्या दीडपट —

काय झालं? उठलात का? ताई, बसा ना. परीक्षकांकडे? अहो, नको. मी त्यासाठी नाही सांगितलं, मी आपली बायकी भीती बोलत होते, उशीचं काय घेऊन बसलात, आमच्या घरातली उशी ती. पहिल्या फेरीचा तो दुसरा हेल्पर बसलाय तिथे रिकामा, ते त्याला उभं करतील, आणि ह्यांना कायमचं घरी — ताई, पदर पसरते. तुमच्या कुत्र्याला काही होणार नाही. होणार नाही असं मी — मी कसं सांगू.

बघा, उठली ही. तुमच्या गडबडीनं उठली. रडू नको ठके, ते बघ बाबा तंबूबाहेर आले, इकडेच बघतायत. टाटा कर. कर टाटा.

कुत्र्याला हूल द्यायची ती छडी काखेत धरली त्यांनी. टाटासाठी उजवा हात मोकळा करायला. डावा नुसता लोंबतोय, बाहीसकट.

पाहिलंत ना तुम्हीही.

जा. अहो, जा म्हणते ना, बघत काय राहिलात — आणि मी सांगितलं म्हणून सांगा.