इंजिनातली टकटक

बायको : थांबा, भंगारवाल्याला फोन लावू नका. आधी मला ऐकू द्या.

नवरा : काय ऐकणार? आतलं बेअरिंग गेलंय. हे इंजिन म्हणजे घरघर लागलेला पेशंट.

बायको : घरघर नाही, टकटक. तो लांब स्क्रूड्रायव्हर द्या इकडे. टोक इंजिनाला, मूठ कानाला. माझा भाऊ असंच ऐकायचा.

नवरा : त्याचं नाव काढू नकोस. आला, चहा प्यायला, माझा दहा नंबरचा पाना घेऊन गेला. वर म्हणतो, ‘दाजी, शप्पथ, मी नाही नेला.’

बायको : एका पान्यापायी पावसाळा गेला, हिवाळा गेला, दोघं तोंडं फिरवून बसलात. गाडी दोघांनी मिळून घेतली, डोंगर मिळून चढायचात. ही भंगारात गेली, की बोलायला निमित्तच उरायचं नाही.

नवरा : म्हणूनच घालतोय.

बायको : घाला हं. आधी चालू करा.

(इंजिन सुरू होतं.)

बायको : आत तर सगळं गुण्यागोविंदानं चाललंय!

नवरा : मग मला काय भास होतोय?

बायको : ते तुमचं नेहमीचंच. जरा रेस करा. अजून... बघा, इंजिन पळतंय आणि टकटक आपली सासूबाईंसारखी, स्वतःच्याच चालीनं. आतलं दुखणं असतं तर तीही पळाली असती.

नवरा : आईला मध्ये आणू नकोस. पण... बरोबर बोललीस. मग येतंय कुठून?

बायको : खालच्या पत्र्यातून.

नवरा : छे! तो दगड लागू नयेत म्हणून आहे. ऑइल बदललं तेव्हा मीच काढून बसवला. त्याच दिवशी तर तो पाना घेऊन...

बायको : काय झालं? थांबलात का? काठीनं पत्रा दाबते हं. थांबली टकटक! सोडते... आली. बंद करा गाडी.

नवरा : काय दिसतंय? अगं, हसतेस काय?

बायको : गाडीला दिवस गेलेत हो तुमच्या. हात घाला तुम्हीच. मागच्या कोपऱ्यात, त्या चिखलात.

नवरा : लांबट काहीतरी... अरे देवा.

बायको : नंबर वाचा की.

नवरा : चष्मा नाही.

बायको : बोटानं वाचा.

नवरा : ...दहा.

बायको : आता लावा फोन. भंगारवाल्याला नव्हे.

नवरा : तूच लाव. तुझा भाऊ आहे.

बायको : आळ कुणी घेतला होता? धरा, लागलाय.

मेहुणा : बोल गं ताई.

नवरा : ताई नाही. मी. गाडीची टकटक गेली, ते सांगायला...

मेहुणा : अरे वा! कसली होती, दाजी?

नवरा : पान्याची.

मेहुणा : कुठल्या पान्या... म्हणजे इतके महिने तुम्ही त्याच्यावरच बसून मला चोर—

नवरा : चुकलो रे बाबा. हसून घे पोटभर. मग ये. डोंगरावर जाऊ.

मेहुणा : दाजी, आता फोन ठेवा. बुटाची नाडी एका हातानं बांधता येत नाहीये.