सत्कारमूर्ती गाडीतून उतरेनात

सन्माननीय अध्यक्ष आणि या शोरूमचे मालक, व्यासपीठावरच्या डॉक्टरबाई, आमच्या वहिनी, वर्कशॉपमधले सहकारी आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेले मित्रहो,

सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी दिसते आहे, पण गैरसमज नसावा. दादा आले आहेत. माझ्या डाव्या हाताच्या त्या निळ्या इलेक्ट्रिक गाडीत त्यांनी आतून दार लावून घेतलं आहे. काच वर असली तरी त्यांना सगळं ऐकू येतं. बघा, मान हलवली.

आज इथे दोन निरोप आहेत. आमचे सगळ्यांत जुने विक्रेते, म्हणजे दादा, निवृत्त होतायत. आणि जी डेमोची गाडी ते इतकी वर्षं गिऱ्हाइकांना फिरवून दाखवत होते, ती डॉक्टरबाईंनी विकत घेतली आहे. दुसरी बातमी दादांना आत्ता, कार्यक्रमपत्रिका वाचून कळली.

या गाडीचं काय वर्णन करावं? एका चार्जिंगमध्ये सहाशे किलोमीटर. शून्यावरून शंभरचा वेग चार सेकंदांत. तेवढ्यात आमच्या अध्यक्षांना चष्मासुद्धा सापडत नाही. सीट पाठ चेपून देते, आणि बसणाऱ्याचं माप लक्षात ठेवते. एक नंबरच्या बटणावर दादांची पाठ आहे. डबाही ते तिथेच खायचे. वहिनी, घरच्या सोफ्यावर हे सारखे का चुळबुळतात, ते आता कळलं ना?

नवी होती तेव्हा किंमत सव्वा कोटी. मग इतके दिवस खपली का नाही? गिऱ्हाईक दार उघडायच्या आधीच विचारायचं, "तीन वर्षांनी विकली तर किती येतील?" दादा शांतपणे सांगायचे, "निम्मे. नका घेऊ." मॅनेजर म्हणून मी एकदा चांगलंच झापलं त्यांना. तर म्हणाले, "साहेब, पाहुणा दारातच परत जायची चौकशी करायला लागला, तर त्याला आत कशाला घ्यायचं?"

दादा, आता बाहेर या. बाईंनी पूर्ण पैसे भरलेत. गाडी चार्जिंगला लावलेली आहे, म्हणजे तुम्ही आठवडाभरही मजेत बसाल, म्हणून तर विनवतोय. वहिनी, तुम्ही दोन शब्द बोलता का?

"राहू द्या. घरीही काही वेगळं नसतं."

आभारी आहे.

थांबा, काच खाली येतेय. माईक जरा तिकडे द्या.

"बाई, तीन वर्षांनी हिचे निम्मेच येतील."

"येईनात का. मला कुठे विकायचीय?"

मंडळी, जरा शांत बसा. दार उघडलं. दादा उतरले. बाईंना सांगतायत, डावा आरसा जरा भित्रा आहे, कुणी जवळ आलं की मिटतो, त्याला जपा. बाई आत बसल्या. त्यांच्या पाठीचं माप घ्यायला दादा बटण दाबतायत, आणि बाई म्हणतायत, "एक नंबर तुमचाच राहू दे. मी दोन घेते."

दादा रडतायत. मी आज सगळ्यांना हसवणार होतो, पण आता मीच रुमाल शोधतोय.

अध्यक्ष, डॉक्टरबाई, वहिनी आणि आपण सगळे, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. दादा, कंपनीतर्फे ही आरामखुर्ची स्वीकारा. ती पाठ चेपत नाही. तीन वर्षांनी तिचेही निम्मेच येतील. विकू नका.