शनिवारची जपानी पिक्चरं

...न्हाई, मी काय म्हणतो, बायको घर सोडून निघाली आन् ह्यो बाबा चहा पितोय! सात मिन्टं! मी घड्याळ लावून बघितलं, तुमाला सांगतो, आमच्या लाइनीवर सात मिन्टात गाडीचे सात दरवाजे वेल्डिंग हून म्होरं जातात, आन् ह्या गड्याचा एक कप संपंना! ती दारात उभी, हातात गठुडं, ती बी बोलंना, ह्यो बी बोलंना, भाईर एक कावळा, त्यो तेवढा बोलतोय. मग ह्यो कप खाली ठिवतो आन् कायतरी पुटपुटतो. आमची दीपमाला मॅडम, कंपनीत जपानीचं मराठी करून सांगती ती, माइकवर म्हणली, "तो म्हणतोय, हवा गार झाली."

हवा गार झाली? आरं, चिड की रं बाबा! ताट फेक, दाराला लाथ घाल, सासऱ्याला फोन लाव... बरं फोन नसंल तवा, पण चिड तरी!

तुमी म्हणाल, ज्योतीराम, तुला कुणी सांगितलं हुतं जपानी पिक्चर बघाय? कुणी म्हंजे? कंपनीनं! आमच्या चाकणच्या प्लांटला ओकुदा साहेब आलं जपानातनं. माणूस सोन्यासारखा, कुणाला आवाज चढवून बोलणार न्हाई, पण नाद असला... तिकडं लढाईत हारल्यावर धा-पंधरा वर्षांत जी काळी-पांढरी पिक्चरं निघाली, त्यातली बी जी कुणी बघितली न्हाईत, जपानात बी न्हाईत, ती हुडकून हुडकून आणायची. मी म्हणतो, त्यांच्या माणसांनी बघितली न्हाईत, तर त्याला कायतरी कारण असंल का न्हाई? पण एचआरच्या मोनिका मॅडमनी नोटीस लावली. दर शनिवारी फस्ट शिफ्ट सुटली की चार वाजता कँटीनमधी पिक्चर. हजेरी लागणार. आन् मला बाजूला घिऊन हळूच म्हणल्या, "ज्योतीराम भाऊ, कायम करायच्या यादीत तुमचं नाव आहे. साहेब बघतायत कोण येतंय. काय ते समजून घ्या."

आता आमचं कसं हाय, सात महिने काम, मग आठ दिवस घरी, मग नवा गेटपास, की परत सात महिने. असं अकरा वर्षं! सगळे पास ठिवलेत मी. पहिल्या फोटूत डोक्यावर जंगल हाय, आताच्यात नुसतं ऊन चमकतंय. कुरुळीचा माणूस मी, कंपनीचं पार्किंग हाय ना, तितं आमचा हरभरा हुता, आन् तितंच मला गाडी लावाय परवानगी न्हाई, कारण पास तात्पुरता! मग कायम व्हायचं म्हणल्यावर मी जपानीच काय, मुकं पिक्चर बी बघीन!

बघितलं. दुसऱ्या शनिवारी एक बाई. छत्र्या दुरुस्त करती. नवरा लढाईवर गेलाय. बाई छत्र्या दुरुस्त करती. पोरगी मोठी हुती, बाई छत्र्या दुरुस्त करती. शेवटाला नवरा येतो, खिडकीतनं बघतो, आन् एक मोडकी छत्री दारात ठिवून निघून जातो! मी उठलोच. "अगं, चिड की गं बाई! पळ त्याच्या मागं, धर गचुरं!" सगळं कँटीन हसलं. ओकुदा साहेब हसलं न्हाईत, डोळं पुसत हुतं. मोनिका मॅडमनी डोळं वटारलं, बसलो.

घरी बायको, वर्षाली, म्हणती, "काय दाखवलं?"

म्हणलं, "छत्री."

"मारामारी?"

"न्हाई."

"गाणं?"

"न्हाई."

"मग तीन तास काय केलं म्हणं?"

आता हिला काय सांगू! म्हणलं, "हवा गार झाली." रातभर बोलली न्हाई माझ्याशी.

पण तिसरं पिक्चर... तुमाला सांगतो, त्यानं घोटाळा केला. लोखंड वतायचा कारखाना. एक म्हातारा, तात्पुरता, माझ्यावानीच. साहेब त्याला म्हणतो, ही नवी पोरं हायत, यांना शिकीव, मग तुझं बघू. म्हातारा जीव तोडून शिकवतो. हात कसा धरायचा, जाळाचा रंग कसा वळखायचा... पोरं तयार हुत्यात. म्हातारा घरी! जाताना काय करतो? भट्टीला वाकून नमस्कार करतो. चिड की रं बाबा, म्हणाय उठलो, आन् तसाच खाली बसलो. कारण गेलं सहा महिने माझ्या हाताखाली बी चार नवी पोरं दिल्यात शिकवाय.

पिक्चर झालं की फॉर्म भरायचा असतो. लाइनीवर माल खराब निघाला की आमी लिवतो बघा, 'का झालं' पाच येळा इचारायचं, म्हंजे मूळ कारण सापडतं. मोनिका मॅडम म्हणल्या, पिक्चरवर बी तसंच लिहा, साहेबांना आवडेल. बाकीच्यांनी 'मेहनत करावी, वेळ पाळावी' असलं खरडलं. मी लिवलं:

म्हातारा घरी का गेला? शिकवून झालं म्हणून.
का शिकवलं? साहेबानं सांगितलं म्हणून.
साहेबाचं का ऐकलं? कायम करतील म्हणून.
कायम का न्हाई केलं? शिकवून झालं म्हणून.
का? वर दोन नंबर बघणे.

सोमवारी ओकुदा साहेब थेट लाइनीवर! हातात माझा फॉर्म, संगं दीपमाला मॅडम. म्हणलं, गेला ज्योतीराम. साहेब लई येळ बोललं. मॅडम म्हणल्या, "साहेब म्हणतात, त्यांनी हे पिक्चर वीस वर्षांत शंभर लोकांना दाखवलं. समजलं तुम्हाला एकट्याला."

मी म्हणलं, "बरं झालं. मग माझा कायमचा कागद?"

मॅडमनी साहेबांना इचारलं. मग मॅडम म्हणल्या, "साहेबांचाही करार महिनाअखेरीला संपतोय. त्यांच्या जागी येणाऱ्याला सहा महिने तेच शिकवतायत. कागदावर सही आता नवे साहेब करतील."

बघा की! सायबाला बी शिकवायला लावलं! आरं, चिड की रं बाबा, म्हणलं मनात. तर त्यो वाकला. एवढा मोठा साहेब, माझ्याम्होरं, कमरेतनं. आन् तुमाला सांगतो, अकरा वर्षांत सुपरवायझरशी धा येळा भांडलेला मी... मी बी वाकलो! चिडायचं कुणावर, सांगा ना? समोर जो हाय त्यो बी माझ्यासारखाच निघाला!

गेलं साहेब. आता पिक्चर बंद. मोनिका मॅडमनी नवी नोटीस लावलीया. नव्या साहेबांना योगाची आवड हाय. दर शनिवारी चार वाजता, हजेरी लागणार, चटई आपापली आणायची. मला बाजूला घिऊन म्हणल्या, "भाऊ, यादीत नाव आहे हां अजून."

काल घेतली चटई, थेरगावच्या बाजारातनं. वर्षाली म्हणती, "आवं, तुमाला मांडी घालून बसता तरी येतंय का?"

म्हणलं, शिकीन. अकरा वर्षं नुसतं उभं ठिवलंय, आता निदान बसवतायत तरी.