मोर पुन्हा रंगवून घेणाऱ्या आपा

आपांचे चिरंजीव इम्रानभाई, आणि हातातली कामं टाकून इथं जमलेल्या बंधुभगिनींनो,

आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहून बोललो. आज शब्द सापडत नाहीत. म्हणून शिक्षकाला जे जमतं तेच करतो. समजावून सांगतो.

मुमताज आपा निवृत्त परिचारिका आणि आपल्या रुग्णसेवा संस्थेच्या संस्थापक. डायलिसिससाठी सोलापूरला निघालेली आपली माणसं एसटी चुकली की घरी परतायची. एक खेप चुकणं म्हणजे काय, हे आपांना ठाऊक होतं. संस्थेकडे तर गाडीच नव्हती.

आपांना गावोगाव काय दिसलं? लिंबाखाली, ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या. घरचा कर्ता गेलेला. चालवणारं कुणी नाही, आणि विकायला मन धजत नाही. आपा म्हणाल्या, "सर, जे विकवत नाही, ते देववतं." केवढा विचार आहे हा!

आणि अशा दान आलेल्या गाड्यांची रीत किती स्वच्छ! आधी गाडी तपासायची. मग ती रीतसर संस्थेच्या नावावर करायची, विमा काढायचा. धावू शकेल ती रुग्णांसाठी. थकलेली मोडीत द्यायची, त्यातून डिझेल भरायचं.

पहिली जीप तामलवाडीच्या कांताबाईंनी दिली. त्यांच्या दिवंगत यजमानांची. आपांनी ती पांढरीशुभ्र रंगवून घेतली, वर संस्थेचं ठळक नाव. काही दिवसांनी कांताबाई आल्या, जीपच्या शेजारूनच पुढं गेल्या आणि म्हणाल्या, "मालकांची जीप कुठंय?"

आपांनी दाखवली.

"ही न्हाय. आमच्या जीपवर मोर हाय. मला लुगडं घ्यायचं इसरायचे मालक, पर मोर दर दिवाळीला रंगवायचे. जीप दिली म्या. मालकाला पुसून टाका म्हणून कवा सांगितलं? द्या माझी जीप परत!"

जीप गेली असती, तर दुसऱ्या दिवशीचे रुग्ण घरीच राहिले असते. कायद्यानं जीप संस्थेची होती. आपांनी कायद्याचा शब्दही काढला नाही. म्हणाल्या, "काकू, चूक माझी. पेंटरला बोलावते. मोर तुम्ही सांगाल तसा."

कांताबाई खुर्ची टाकून बसल्या. "मान लांब कर की रे, बदक दिसायलंय!" पेंटर वैतागला, आपा त्याला चहा पाजत राहिल्या. अखेर कांताबाईंनी ओल्या रंगाकडं डोळे भरून पाहिलं. "आता न्या पेशंट."

तेव्हापासून नियम झाला: गाडीवरचं काही पुसायचं नाही, संस्थेचं नाव दारावर, लहान अक्षरांत. ही गोष्ट गावोगाव पोचली आणि ताडपत्र्या निघू लागल्या. परंड्याहून टेम्पो आला, त्यावर 'अब्बू की दुआ'. मग 'आईची कृपा' आली. मी विज्ञान शिकवलं. लोखंडात माणूस एवढा उरतो, आणि तो जपला की दुसरा माणूस जगतो, हे मी आपांपाशी थक्क होऊन पाहिलं.

काल आपांचा दफनविधी झाला. त्या सकाळी चालकांनी विचारलं, "आजचा दिवस गाड्या थांबवायच्या का?" इम्रानभाई म्हणाले, "थांबवल्या तर अम्मी उठून रागावेल. आधी पेशंट पोचवा."

मित्रहो, कब्रस्तानाबाहेर आपली एकही गाडी नव्हती. याहून मोठी मानवंदना मी पाहिलेली नाही.

आता आपण उभे राहू आणि आपांसाठी क्षणभर शांत होऊ. या शांततेत एखाद्या चालकाला फेरीसाठी निघावं लागलं, तर त्यानं संकोच करू नये. गाडी सुरू करावी. तो आवाज आपण सारे उभ्यानं ऐकू.