इमानी गिऱ्हाईक

मुलगा : आई, बाथरूमचं दार उघड.

आई : मावशी अंघोळीला गेलीय.

मुलगा : मला येऊन अर्धा तास झाला. पाण्याचा एक थेंब पडल्याचा आवाज नाही.

मावशी : अरे, कोरडी अंघोळ करतेय मी! डॉक्टरांनी सांगितलीय!

मुलगा : कुठल्या डॉक्टरांनी?

मावशी : आमच्या जुन्या. वारले ते, विचारायला जाऊ नकोस.

मुलगा : आई, हसू नकोस. माझ्याकडे बघ. उद्या दहा वाजता मोठे साहेब दुकानात येतायत. फोटोवाला घेऊन, फुलांचा गुच्छ घेऊन. वर्षातल्या सर्वांत इमानी गिऱ्हाइकाचा सत्कार आहे. माझ्या हस्ते.

आई : अगं ताई, ऐकलंस का? याच्या हस्ते! मी तुला म्हटलं नव्हतं, ह्या नोकरीत याचं नशीब उघडणार म्हणून?

मुलगा : कोण निघालं ते गिऱ्हाईक, माहितेय?

आई : मला मेलीला काय माहीत.

मुलगा : बाबा.

आई : कोणाचे?

मुलगा : आपले. तीन वर्षांपूर्वी गेलेले. दुकानातल्या त्यांच्या कार्डावर महिन्याभरात दोनशे सोळा कोबी चढलेत, आई. दह्याचे एकशे ऐंशी डबे. पाव किती ते मी पुढे वाचलंच नाही, खुर्चीत बसलो.

आई : त्यांना कोबी कधीच आवडला नाही.

मुलगा : आई!

आई : अरे, काउंटरवरची मुलगी फोन नंबर विचारते. पॉइंट मिळतील म्हणते. मला जन्मात एकच नंबर पाठ झाला, ह्यांचा. तोच तोंडातून निघतो, त्याला मी काय करू?

मुलगा : दार उघड.

मावशी : माझी ना नाही बाबा. पण दार आत उघडतं, आणि आत जागा नाही. तू बाहेरून रेट, मी आतून पोट आत घेते. हळू! ढीग अंगावर आला तर माझा सत्कार करावा लागेल उद्या.

मुलगा : अरे देवा. हे... हे पार खिडकीपर्यंत आहे.

मावशी : सोमवारी छताला टेकलं होतं. मग खालचे बसले.

मुलगा : काय वास येतोय!

मावशी : हा काहीच नाही. परवा शेजाऱ्यांचं मांजर घर सोडून गेलं. जाताना ह्या दाराकडे बघून अशी मान हलवली त्याने, अगदी माणसासारखी. मी पाहिलं ना.

मुलगा : मावशी, एक मिनिट गप्प बस. आई, हे का केलंस?

आई : तूच सांगितलंस.

मुलगा : मी सांगितलं? दोनशे कोबी आण म्हणून?

आई : त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडलास, आठवतंय? एवढा अडतीस वर्षांचा घोडा. म्हणालास, आई, माझ्या दोन ऑफर पडल्या. तिसरी पडली तर मॅनेजर हाकलणार. आधीच दोन नोकऱ्या गेल्यात, ही गेली तर पोरींना घेऊन कुठे जाऊ? सूनबाईला सांगू नकोस म्हणालास. नाही सांगितलं मी. कपडे शिवणारी बाई मी, मला तुमच्या दुकानातलं काय कळतं? मी विचारलं, ऑफर पडते म्हणजे काय रे? तू म्हणालास, माल कोणी घेत नाही. मी म्हटलं, एवढंच ना? घेणारं कोणीतरी पाहिजे.

मुलगा : एक-दोन घ्यायचे, आई.

आई : एक-दोन कुठले देता तुम्ही? एकावर दोन फुकट लिहिलंयस. एक मागितला तर ती मुलगी हातात तीन कोंबते. मी म्हटलं, दोन राहू दे बाई. तर म्हणते, आजी, तसं मशीन घेत नाही.

मावशी : आणि एका माणसाला एका वेळी नऊच. मग काय, मला बोलावणं आलं. सकाळी मी मी म्हणून गेले. दुपारी काळा चष्मा लावून. तिसऱ्यांदा लंगडत. लंगडी बाई दुसऱ्या काउंटरवरच्या पोराला इतकी आवडली की उठून स्वतःची खुर्ची दिली. चौथ्यांदा विसरले आणि ताठ चालत गेले, तर विचारतो, तुमच्या लंगड्या बहिणीची तब्येत कशी आहे? आता काय सांगू? म्हटलं, गेली. रडला रे बिचारा. माझ्या पिशव्या बाहेरपर्यंत आणून दिल्या.

मुलगा : तो दोन दिवस रजेवर होता. मला वाटलं घरातलं कोणी गेलं.

मावशी : बघ, किती जीव लावला त्याने.

मुलगा : आई, ह्या खोलीत खिडकीपाशी शिवणाचं मशीन होतं. तिथे पावाची खोकी का आहेत?

आई : दुरुस्तीला दिलंय.

मुलगा : मावशी?

मावशी : मी एक मिनिट गप्प बसलेय. तूच सांगितलंस.

मुलगा : विकलंस. आई, मशीन विकलंस तू?

आई : हल्ली सुईत दोरा जात नव्हता माझ्याच्याने. नुसतं धूळ खात होतं.

मुलगा : दिवाणाखाली काय आहे?

आई : दही. हात लावू नकोस, डबे फुगलेत.

मावशी : काल एक उडाला. झाकण जाऊन थेट घड्याळावर बसलं. तेव्हापासून घड्याळ वीस मिनिटं पुढे चालतंय.

मुलगा : वाटून टाकायचं होतं ना! एवढी बिल्डिंग आहे.

आई : वाटायला गेले नाही का मी? लोक दार उघडेनात. सगळ्यांच्या घरी तुझाच कोबी पडलाय. एक चिरलेला आणि दोन सडायला लागलेले. पहिल्या मजल्यावरच्या बाईने उलट मलाच दोन दिले. गळ्यात पडून म्हणाली, घेऊन जा हो, माझ्याच्याने टाकवत नाही.

मावशी : आम्ही खाल्लं की पण. आठ दिवस तिन्ही त्रिकाळ कोबी. नवव्या दिवशी माझ्या स्वप्नात एक कोबी आला आणि हात जोडून म्हणाला, बाई, आता पुरे करा.

मुलगा : मग बाकीचा? दोनशे सोळातले इथे फार तर शंभर असतील. आई, बाकीचा कुठे गेला?

आई : टाकला.

मुलगा : कुठे?

आई : कुठे कुठे. कचऱ्याच्या गाडीवाल्याने चौथ्या दिवशी हात जोडले. मग पिशव्या भरून लांबच्या गल्ल्यांत जायचे. प्रत्येक कचऱ्याच्या डब्यात दोन-दोन. तुझ्या बाबांचा रेनकोट घालून.

मुलगा : पाऊस नसताना?

आई : टोपी आहे ना त्याला. तोंड झाकतं. अन्न टाकताना कोणी ओळखायला नको. ताईला विचार, आमच्या आईने पीठ सांडलं की बोट ओलं करून ते टिपायला लावलंय आम्हाला. तिने एकदा मला पावाचा तुकडा टाकताना पाहिलं, तर रात्रभर माझ्याशी बोलली नाही. त्याच बोटांनी मी तुझे कोबी टाकत होते. पहिल्यांदा टाकला तेव्हा डब्यात धप् आवाज आला. मी मागे फिरून बघितलं, कोणी हाक मारली की काय. त्या दिवसापासून हात थरथरतो. हा बघ. धरून ठेवला तरी थांबत नाही.

मुलगा : आई...

आई : तू फक्त म्हण, ऑफर पडली नाही ना?

मुलगा : नाही पडली. विक्रम झाला. साहेब तीच ऑफर पुढच्या महिन्यापासून चाळीस दुकानांत लावतायत. माझ्या कागदावरून. कळतंय का तुला? त्या चाळीस गावांत माझी आई नाहीये. तिथे ती तोंडावर आपटेल, आणि मग नुसती नोकरी जाणार नाही, मी फसवलं म्हणतील. कोर्टात उभा करतील मला.

मावशी : चाळीस म्हणजे काही फार नाहीत. मला पास काढून दे. लंगडत लंगडत दोन महिन्यांत उरकते.

मुलगा : मावशी, पाया पडतो तुझ्या.

मावशी : बरं, मग उद्या मी येते गुच्छ घ्यायला. म्हणते, मी त्यांची दुसरी बायको, त्यांना बरं नाही.

आई : ताई!

मावशी : अगं, फोटोपुरती.

मुलगा : नको. काही नको. मी साहेबांना आत्ता सांगतो. उद्या सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज मी सांगितलेलं बरं.

आई : नको रे राजा. पोरींकडे बघ. मी अजून टाकते. रोज थोडे थोडे टाकून संपवते. कोणाला कळणार नाही.

मुलगा : सोड हात. लागलाय फोन.

(फोनवर) नमस्कार साहेब. हो, गिऱ्हाइकाचं कळलं. नाही, ते गृहस्थ नाहीत, म्हणजे हयात नाहीत. माझे वडील. माल आईने घेतला. माझ्या. हो, सख्खी आई. नाही साहेब, खाल्ला नाही. सडला. घरात सडला, बाकीचा तिने टाकून दिला. मला ठाऊक नव्हतं, पण जबाबदारी माझीच आहे, मी राजीनामा लिहून... काय? नाही, समजलं नाही. हो. हो साहेब. पाचपर्यंत? हो. ठेवतो.

आई : काढलं?

मुलगा : नाही.

मावशी : पोलिसात देतोय?

मुलगा : हसत होते. इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, वेडा आहेस, राजीनामा कसला देतोस? समोर आकडे उघडूनच बसले होते. तुझे दोनशे सोळा काढले तरी माल संपतच होता, आई. तुझ्यामुळे फक्त चार दिवस आधी संपला.

आई : म्हणजे मी गेले नसते तरी...

मुलगा : तरी नोकरी राहिली असती. मी म्हटलं, पण साहेब, घरात सडला सगळा. तर म्हणाले, मग बाकीच्यांकडे काय होतं असं वाटतं तुला? तिसरा कोबी कोणीच खात नाही. आपल्याकडे सडला तर नुकसान, त्यांच्याकडे सडला तर विक्री.

मावशी : माझ्यापेक्षा मोठी थाप मारतो हा माणूस.

मुलगा : थाप नाहीये ती, मावशी.

मावशी : माहीत आहे रे. म्हणूनच म्हटलं.

मुलगा : उद्या सत्कार आईचाच करायचाय. फोटोखाली लिहिणार, खुद्द आमच्या आईचा विश्वास. आणि मला बढती. चाळीस दुकानांच्या ऑफर मी ठरवायच्या. पुढच्या महिन्यात कुठला माल लावायचा, ते पाचपर्यंत फोन करून सांगायचंय. नाही केला तर जागा दुसऱ्याला, आणि मग ह्या दुकानातही तोंड दाखवू नकोस म्हणाले.

आई : चाळीस दुकानं. एका दुकानामागे आपल्यासारख्या बिल्डिंगी किती असतील रे?

मुलगा : मोजू नकोस, आई.

आई : सगळ्या जणी रेनकोट घालून निघणार.

मुलगा : सांग मी काय करू? खरंच सांग. मला काही सुचत नाही. टोमॅटो सांगू? दूध सांगू?

आई : इकडे ये. ढिगातला एक उचल.

मुलगा : कशाला?

आई : आजवर सगळे मी टाकले. एक तू टाक. खाली अंगणात कचऱ्याचा डबा आहे. टाकून ये आणि मग कर फोन.

मुलगा : मऊ लागतोय. बोटं आत जातायत.

आई : वरची पानं आहेत ती. जा.

मुलगा : पाणी गळतंय यातून.

मावशी : पानं काढ ना वरची. इतकं काय नाक दाबतोस? माझ्याबरोबर अर्धा तास बसलाय तो, एका शब्दाने भांडला नाही.

मुलगा : काढली. आतली काळी आहेत.

आई : टाकायचा ना तुला? मग बघतोस कशाला?

मुलगा : आई.

आई : काय?

मुलगा : याचा गाभा अजून पांढरा आहे. हा बघ. मुठीएवढा आहे, पण चांगला आहे.

आई : ताई, सुरी दे त्याला. आणि पाट दे.

मुलगा : मी फोन नाही केला तर सगळं संपेल, आई.

आई : माहितेय. किती वाजले?

मावशी : ह्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झालीत. म्हणजे खरे पावणेपाच.

आई : अजून शंभर आहेत. बस इथे, माझ्याजवळ. माझा हात हलतो, मी नुसती पानं काढून देते.

मुलगा : आणि मी?

आई : तू चीर. सावकाश चीर.