कडी बाहेरून

…आणि वर हा ठेकेदार मलाच म्हणतो, 'होऊन जाईल काका!' अहो, तोवर मी जाईन ना! घरात एकच संडास-बाथरूम, तेवढंच नवं करायचं होतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उकिडवं बसता येत नाही, कमोड हवा. ती राहिली लेकीकडे. आणि मी? रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून शेजाऱ्यांच्या दारात! बिचारे आधी 'या आजोबा' म्हणायचे, आता नुसतेच बाजूला सरकतात.

आणि कारागीर कसे, तुम्हाला सांगतो… फरशीवाला म्हणतो, 'प्लंबर आल्याशिवाय मी हात लावणार नाही.' प्लंबर म्हणतो, 'फरशीवाल्याचं ठरल्याशिवाय पाइप कुठून टाकू?' आणि दोघं माझ्याच घरात, माझाच चहा पीत, एकमेकांची वाट बघतात… समोरासमोर बसून! ठेकेदाराला फोन केला, तर 'होऊन जाईल काका, टेन्शन नाही घ्यायचं!' मी शांत माणूस हो, मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारा. पण मनात म्हटलं, बेट्या, एकदा सापड!

सापडला! रडतखडत एकदाची फरशी झाली, नळ लागले, काल सुतारानं दार बसवलं, तर कडी बाहेरून! आतून दार सपाट! म्हटलं, 'अरे बाबा, आतल्यानं काय दार धरून बसायचं?' तर म्हणतो, 'दोघंच तर राहता, आजोबा, कोण येतंय?' आज ही यायची, म्हणून ठेकेदार काम बघायला आला, आत शिरला, नळ फिरवायला लागला… आणि मी हळूच, अगदी हळूच, कडी सरकवली. खट्ट! अहाहा, काय तो आवाज!

'काका, कडी लागली वाटतं!'

म्हटलं, 'होऊन जाईल.'

'काका, उघडा ना!'

'टेन्शन नाही घ्यायचं!' खुर्ची ओढून दारासमोरच बसलो. म्हटलं, 'सुताराला बोलवा, कडी आतून बसवू दे, मग सोडतो.' लावला त्यानं फोन. सुतार काय म्हणाला असेल? 'निघालोच साहेब, वाटेतच आहे!' ठेकेदार आतून किंचाळला, 'अरे, कालपण वाटेतच होतास!' काय सांगू तुम्हाला, कान निवले माझे!

शेवटी दया आली. उठलो, कडी ओढली… तर मूठच हातात! दांडा तिथंच घट्ट. तेवढ्यात बेल वाजली. ही! काठी टेकत, घाईघाईनं.

'अहो, झालं ना बाथरूम?'

'झालं.'

'मग सरका की बाजूला!'

आता काय सांगणार हो? म्हटलं, 'झालंय गं सगळं… पण आत माणूस आहे.'