रेवाच्या केसांचा पीळ

मंडळी, एक प्रश्न. मायेचाच हात दुखवत असेल, तर दाद कुणाकडे मागायची? देवाकडे? देव म्हणेल, माया होती ना, मग झालं तर! म्हणजे तिथंही सोय नाही.

ऐका. एका गावात दोर वळणारं घर. सगुणा त्या घरची सून. तिचा भाऊ आणि भावजय दोघं गेली, तशी त्यांची पोर रेवा तिनं आपल्याकडे आणली. पोरीचे केस थेट आईसारखे कुरळे. आईची मागे राहिलेली खूण ती तेवढीच. सगुणा म्हणाली, हे केस मी जिवापाड सांभाळीन. इथंच घात झाला.

कारण त्या घरात शास्त्र एकच — जितका पीळ, तितका दोर बळकट. या केसांना तर जन्मापासून पीळ! मग काय, ओढा बिनधास्त. रोज सकाळी कोरड्या केसांत बारीक फणी, मुळापासून खाली, वर करकचून वेणी. पोर कळवळायची. आत्या समजूत घालायची, आईचे केस आहेत ना, सांभाळायला नकोत?

फणीत तुटक्या केसांची गुंतवळं येऊ लागली. तेव्हा सासऱ्यानं सुनेचा एक सरळ केस घेतला, रेवाचा एक कुरळा, आणि दोघांना पाळीपाळीनं देवापुढची पळी टांगली. हसू नका. वजन टांगल्याशिवाय त्या घरात कशावरच विश्वास नाही. जावईसुद्धा कसा पारखला असेल, देव जाणे. सरळ केसानं पळी पेलली. कुरळा वळणावरच तुटला. म्हातारा काय म्हणाला?

"पीळ कमी पडतोय."

वेणी आणखी घट्ट झाली.

अहो, सरळ केसावरून टाळूचं तेल शेंड्यापर्यंत उतरतं. कुरळ्यात ते वळणावळणावर अडतं. म्हणून तो कोरडा, आणि वळण हीच त्याची नाजूक जागा. त्याला भिजवावं, तेल लावावं, बोटांनी शेंड्याकडून वर सोडवत यावं. सगुणेला हे कळलं रेवा तापात पडल्यावर. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवताना भिजल्या बटेत बोटं गेली, गुंता आपसूक सुटला. पण तोवर कानशिलाजवळची टाळू उघडी पडली होती. तिथं पुन्हा काही उगवलं नाही.

ताप उतरला. सगुणेनं फणी चुलीत घातली, तेलाची वाटी घेऊन पोरीजवळ बसली आणि नुसता कुरवाळायला हात उचलला. रेवानं डोळे घट्ट मिटले.

"ओढ आत्या. मी आता रडत नाही."

मंडळी, तुमच्याही हाताखाली कुणाचं तरी डोकं असेल. उद्या सकाळी ते गप्प बसलं, तर सुखात आहे असं धरून चालू नका. कीर्तन इथंच संपलं, शेवटच्या गजराचे टाळ राहू द्या आज. घरी जा, आणि हात जरा सावकाश उचला.